डॉमिनोचं कार्ड

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या त्या दुकानात शैलजाबाई खड्याचा हिंग शोधत होत्या. परदेशातल्या मुलाकडून पुण्याला परत जायला आठच दिवस उरले होते आणि सुनेला वर्षभर पुरेल एवढा गोडा मसाला करून ठेवल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी स्वतःच स्वतःला बजावलं होतं. सुनेनं मागितला होता अशातला भाग नाही. सून, स्वानंदी, बाहेर गाडी घेऊन फिरत होती. "आई, शनिवारी इथे पार्किंग शोधणं म्हणजे वेडेपणा आहे. मी राउंड मारत राहते, तुमचं झालं की कॉल करा," असं म्हणून तिनं त्यांना दारातच उतरवलं होतं. ऑक्टोबर संपत आला होता, वारा बोचरा सुटला होता, आणि शेजारच्या साड्यांच्या दुकानात कुणीतरी हौसेनं इथल्या मुखवट्यांच्या सणासाठी काचेतल्या पुतळ्यांना काळे मुखवटे चढवले होते. बनारसी शालू आणि वर डोळ्यांपुरती भोकं पाडलेला मुखवटा! शैलजाबाईंना हसू आलं होतं. हिंग सापडला, त्या पैसे द्यायला रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पुढच्या बाईनं गल्ल्यावर एक लांबट लाकडी डबा ठेवला. "भैया, पूरे अठ्ठाईस हैं ना इसमें? हमारे पुराने सेट के दो खो गए." दुकानदार डब्यावर बोट वाजवत म्हणाला, "नया डॉमिनो है मॅडम, सील पॅक."

झालं. एवढाच शब्द. शैलजाबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला, तो शब्द ऐकला की पस्तीस वर्षं ओढत आल्या होत्या तसाच. पुण्यात एका पिझ्झावाल्याच्या पाटीवर तो शब्द झळकायला लागला तेव्हा या बाईनं भाजीला जायचा रस्ता बदलला होता, आणि मुलानं कारण विचारलं तर "त्या रस्त्यानं खड्डे फार" म्हणून सांगितलं होतं. आता रांगेतून बाहेर पडावं, हिंग ठेवून द्यावा, असं मनात येतंय तोच ती पुढची बाई वळली. चाळिशीची, अंगात टोपीचं जाड जाकीट, आणि चेहऱ्यावर दिवेकरांचं नाक. दुसरं कुणाचं असणंच शक्य नव्हतं. मधोमध उंचवटा आणि टोकाला किंचित डावीकडे कल. त्या बाईनंही शैलजाबाईंकडे बघितलं, एकदा, दोनदा, आणि मग दुकानातल्या चार माणसांनी मागे वळून पाहावं एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, "शैलजामावशी? कोशातल्या शैलजामावशी ना तुम्ही? ओ माय गॉड! मी शरयू. दिवेकरांची शरयू!"

शैलजाबाईंनी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, दोन वेण्या घालून शब्दकोशाच्या कचेरीत जिन्यावर बसून डिंकाच्या बाटलीत बोट घालायची. "अगं, ओळखलंस कसं तू मला?" "बाबांच्या खोलीत तो ग्रुप फोटो आहे ना, ऑफिसचा. रोज बघते. तुमचा चष्मासुद्धा सेम आहे, मावशी!" आणि मग, श्वास न घेता, बाबा इथंच असतात माझ्याकडे, फेब्रुवारीत स्ट्रोक आला, बोलणं गेलं, घर इथून पाच मिनिटांवर, आत्ताच्या आत्ता चला, नाही म्हणायचं नाही. शैलजाबाई "हो का? अरे अरे" असं म्हणत राहिल्या. आपल्याला हे सगळं मे महिन्यापासून ठाऊक आहे, रवींद्रनं, कोशातल्या जुन्या सहकाऱ्यानं, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पत्ता आणि नंबर दिला होता, तो लिहिलेला कागद पर्समध्ये पाच महिने घड्या पडून मऊ झालाय, हे त्यांनी सांगितलं नाही. पर्समधल्या पासपोर्टच्या पिशवीत त्या कागदामागे आणखी एक गोष्ट होती, तीही सांगितली नाही. पाच महिने रोज सकाळी "उद्या फोन करू" आणि रोज रात्री "आता आज नको." सत्याहत्तर निमित्तं काढली असतील. आणि आता देवानं हिंगाच्या निमित्तानं मान धरून उभं केलं होतं. त्यांनी स्वानंदीला फोन लावला आणि सांगितलं, ओळखीचं माणूस भेटलंय, तासभर लागेल. "टेक युअर टाइम, आई," स्वानंदी म्हणाली, "मी कुठंतरी कॉफी घेते."

शरयू पुढे, शैलजाबाई मागे, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणीच यावं. रस्त्यावरची सगळी माणसं टोप्या ओढून चालली होती. नुसती नाकं दिसत होती. पाच मिनिटं म्हणजे काय असतात! शैलजाबाईंना ती कचेरी आठवली. नारायण पेठेत, छापखान्याच्या वर, दोन खोल्या, खाली यंत्र चालू झालं की वर टेबलावरचे पेले थरथरायचे. कोशमंडळ म्हणायचे त्याला, मंडळात माणसं सात. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. वर शब्द, त्याखाली अर्थ, जुन्यात जुना आधी, मग शब्द आला कुठून ते, आणि खाली डाव्या कोपऱ्यात लाल शाईनं तीनपैकी एक शब्द लिहायचा: खात्री, बहुधा किंवा ऐकीव. पुरावा हातात असला तर खात्री. पुरावा अर्धा असला तर बहुधा. नुसतीच गोष्ट गोड असली तर ऐकीव. आणि चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी नवा शब्द, दुरुस्ती करणाऱ्याचं आद्याक्षर आणि तारीख. हे सगळे नियम प्रल्हाद दिवेकरांनी घालून दिलेले, आणि पाळणारेही तेच एकटे. हा माणूस 'खात्री' लिहायला जीव गेल्यासारखं करायचा. त्यांच्या टेबलावर 'बहुधा'चा ढीग. चहा घेणार का विचारलं तरी "बहुधा" म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. प्रमुख संपादक अण्णा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दिवेकर, तुमच्या लग्नपत्रिकेतसुद्धा बहुधाच छापलं होतं काय हो?" सगळे हसले. दिवेकरही हसले, पण कान लाल झाले होते, आणि एकतीस वर्षांच्या शैलजाबाईंना त्या हसणाऱ्यांचा मनापासून राग आला होता. दिवेकर आवडायचे का त्यांना? तसं काही नव्हतं हो. घरी शशिकांत होते, त्यांचे यजमान, चांगला सोन्यासारखा माणूस. पण ते लाल झालेले कान अजून आठवत होते.

तर १९७१ साली परकीय शब्दांची पुरवणी निघायची होती. वर्तमानपत्रांत तेव्हा रोज तो शब्द यायचा, एक देश पडला की शेजारचा पडणार, मग त्याच्या शेजारचा, डॉमिनोच्या ठोकळ्यांसारखे. अण्णा म्हणाले, घ्या तो शब्द. कार्ड दिवेकरांनी केलं. काय सुरेख कार्ड होतं! आजही शैलजाबाईंना ते तोंडपाठ होतं. एक: थंडीत पाद्री अंगावर घेत ती टोपीची काळी घोंगडी. दोन: मुखवटे घालून नाचायच्या समारंभात अंगावर घेतात तो सैल झगा, आणि पुढे नुसता अर्धा मुखवटादेखील. तीन: ठिपक्यांचे अठ्ठावीस ठोकळे, पाठ काळ्या लाकडाची, तोंड पांढऱ्या हाडाचं. मूळ: लॅटिनमध्ये धनी, प्रभू, मालक असा शब्द, तिथून. आणि त्याखाली बारीक अक्षरात: ठोकळ्यांना हे नाव पाद्र्यांच्या काळ्या झग्यावरून पडले असे सांगतात, जिंकणारा 'मी धनी' म्हणून ओरडे त्यावरून, असेही सांगतात. मग कोपऱ्यात लाल शाईनं: ऐकीव. शैलजाबाई तेव्हा कार्डं मुद्रणाला लावायचं काम करत. त्यांनी ते कार्ड वाचलं आणि त्यांना ती झग्याची गोष्ट इतकी आवडली, बाहेरून काळा आणि आतून पांढरा, की हे खरं नसेल तर खरं काय असतं असं वाटलं. आणि अण्णांचं ते हसणं. दोन दिवसांनी बढतीची यादी ठरायची होती. एवढं सुंदर कार्ड, आणि खाली पुन्हा ऐकीव! या माणसाला कुणीतरी एकदा हात द्यायला हवा. शैलजाबाईंनी दार लोटलं, कागद कापायचं अर्धं ब्लेड घेतलं, 'ऐकीव' हळूहळू खरवडून काढलं, दुसऱ्या सिद्धान्तावर रेघ मारली, आणि लाल शाईनं दिवेकरांच्या अक्षरासारखं अक्षर काढून लिहिलं: खात्री. आद्याक्षर घातलं नाही. कसं घालणार?

पुरवणी छापून आली आणि तीन आठवड्यांत फ्रेंच शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाचा लेख एका साप्ताहिकात आला. त्यानं नेमकी तीच नोंद धरली होती. ही खात्री कोशकारांना स्वप्नात पटली काय, असा मथळा. अण्णांनी दिवेकरांना बोलावलं. "कार्ड आणा." दिवेकर खण उपसत बसले, सकाळपासून दुपारपर्यंत, गुडघ्यांवर, हातांना धूळ, आणि कार्ड मिळेना, मिळणार कुठून, ते शैलजाबाईंच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली होतं. लेख वाचल्या क्षणी त्यांनी ते तिथं घातलं होतं. त्या दिवेकरांसमोर दीड हातावर बसल्या होत्या. बोलायला तोंड उघडलं की हंगामी नोकरी जायची, आणि शशिकांतांची बँकेतली नोकरी तेव्हा अजून कायम झालेली नव्हती. दुपारी दिवेकर उठले, हात झटकले आणि अण्णांना म्हणाले, "कार्ड सापडत नाही. मी ऐकीव लिहिलं होतं असं मला आठवतं. पण छापलंय खात्री, म्हणजे मीच लिहिलं असणार. चूक माझी." आणि परत येऊन बसल्यावर शैलजाबाईंना हळूच विचारलं, "शैलजाबाई, तुम्ही लावलंत ना ते कार्ड? काय होतं हो कोपऱ्यात?" आणि शैलजाबाई म्हणाल्या, "लक्षात नाही."

दोन शब्दांसाठी माणूस किती वर्षं झुरू शकतो! नोकरी त्यांची काही गेली नाही. पण व्युत्पत्तीचा विभाग काढून घेतला आणि तो, देवाचा न्याय बघा, शैलजाबाईंना दिला. दिवेकर वर्षभरानं साताऱ्याला शाळेत मास्तर होऊन गेले. दरवर्षी संक्रांतीला त्यांचं पाकीट यायचं, पातळ कागदात चिमूटभर हलवा, "तिळगूळ घ्या, गोड बोला" आणि खाली एक ओळ. ती ओळ दरवर्षी असायची. "माझ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून घेत आहात ना? माझ्या डोक्याचा मला भरवसा राहिलेला नाही." चौतीस संक्रांती. या माणसाची विभागप्रमुखाची खुर्ची गेली त्याचं काही नव्हतं, खुर्च्या येतात जातात. पण स्वतःच्या हाताचा, स्वतःच्या आठवणीचा भरवसा गेला, तो शैलजाबाईंनी अर्ध्या ब्लेडनं खरवडून काढला होता. एकदा, फार वर्षांनी, त्यांनी शशिकांतांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "एका शब्दापायी एवढं काय? पाठव की कार्ड पोस्टानं." सोन्यासारखा माणूस, पण त्याला कळलं नाही. पोस्टानं पाठवायचं ते नव्हे.

"मावशी, सांभाळून, जिना अंधारा आहे," शरयू म्हणाली. घर एका कापडाच्या दुकानावर होतं. इथंही खाली दुकान आणि वर दिवेकर. "एक सांगून ठेवते. त्यांना सगळं समजतं, अगदी सगळं. वाचतातसुद्धा थोडं थोडं. पण बोलायला एकच शब्द राहिलाय." शैलजाबाई दोन पायऱ्या खाली थांबल्या. "कोणता गं?" शरयू हसली, डोळ्यांत पाणी असताना माणसं हसतात तशी. "बहुधा. काहीही विचारा, बहुधा. ती स्पीच थेरपिस्ट आहे ना, तिला पहिले पंधरा दिवस वाटत होतं की बहुधा हे माझ्या आईचं नाव आहे." शैलजाबाईंनी कठडा धरला. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी नुसतंच नाक पुसलं.

दिवेकर खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगात टोपीचा काळा स्वेटर, आतून पांढऱ्या लोकरीचा, आणि टोपी कपाळापर्यंत ओढलेली. "कानाला गार लागतं त्यांना, दिवसभर ती हूडी काढत नाहीत," शरयू म्हणाली. शैलजाबाईंच्या मनात त्या तसल्या प्रसंगीसुद्धा आलं, अर्थ क्रमांक एक. शरयूनं मोठ्यांदा सांगितलं, "बाबा, बघा कोण आलंय! कोशातल्या शैलजामावशी!" दिवेकरांनी मान वर केली. चेहऱ्याची उजवी बाजू उतरली होती, डावी जिथल्या तिथं होती, आणि ती डावी बाजू हळूहळू अशी उजळली की शैलजाबाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. "बहुधा!" ते म्हणाले. "बहुधा, बहुधा, बहुधा!" आणि डाव्या हातानं समोरची खुर्ची ओढायला लागले. या माणसाला आपल्याला बघून आनंद झालाय. हेच सगळ्यांत अवघड होतं.

शरयू चहा टाकायला आत गेली. टेबलावर ठोकळे मांडलेले होते, साप वळवावा तशी एक ओळ. थेरपिस्टनं सांगितलं होतं म्हणे, ठिपके जुळवायचे, डोक्यालाही व्यायाम आणि हातालाही. दिवेकर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. नवा डबा उघडून त्यांनी हरवलेल्या दोन ठोकळ्यांच्या जागी त्यातले दोन घातले, सगळे पालथे करून ढवळले, सात शैलजाबाईंपुढे सरकवले, सात स्वतःकडे घेतले. शैलजाबाईंनी पाचाला पाच लावला. दिवेकरांनी दुहेरी तीन आडवा ठेवला. शैलजाबाई बोलत होत्या, पुणं, नातू, रवींद्रचे गुडघे, अण्णा गेले त्याला किती वर्षं झाली, आणि प्रत्येक गोष्टीला समोरून "बहुधा" येत होतं, कधी हुंकारासारखं, कधी प्रश्नासारखं, कधी चक्क थट्टेचं. एवढ्या एका शब्दात या माणसानं सगळी भाषा कोंबून बसवली होती. शैलजाबाईंना वाटलं, राहू दे. आज इतका गोड चाललाय डाव. आठ दिवसांनी मी पुण्यात, हे इथं, पुन्हा भेट कसली व्हायची. कशाला म्हाताऱ्या माणसाच्या सुखात खडा टाकायचा? आणि मग त्यांना ऐकू आलं की हे त्या पस्तीस वर्षं म्हणतायत. दर वेळी दुसऱ्याच्या भल्यासाठीच.

त्यांनी पासपोर्टची पिशवी उघडली आणि कार्ड काढून ठोकळ्यांच्या ओळीशेजारी ठेवलं. कडा पिवळ्या पडलेल्या, बाकी कार्ड ठणठणीत. "दिवेकर," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं, "दिवेकर, हे कार्ड हरवलं नव्हतं. माझ्याकडे होतं. तुम्ही ऐकीवच लिहिलं होतंत. मी खरवडलं, ब्लेडनं. खात्री मी लिहिलं. तुमची चूक नव्हती, कधीच नव्हती, तुमचं डोकं तेव्हाही चोख होतं आणि अक्षरही. तुम्ही विचारलंत, कोपऱ्यात काय होतं, आणि मी सांगितलं लक्षात नाही. मला लक्षात होतं. मला सगळं लक्षात होतं हो!"

दिवेकरांनी कार्ड उचललं. खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, आणि मग अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवला. कागद तिथं पातळ झाला होता. शाई गेली होती, पण टाकाच्या टोकाचे खळगे राहिले होते. उजेडात तिरकं धरलं की 'ऐकीव' दिसायचं, शैलजाबाईंनी ते शेकडो वेळा धरून पाहिलं होतं. दिवेकर बघत राहिले. मग त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, शब्द नव्हे, आणि त्यांनी डाव्या हातानं टेबलावरचे सगळे ठोकळे खाली लोटून दिले. खडखडाट झाला. "बाबा?" आतून शरयू. "काही नाही गं, माझ्या हातून सांडले," शैलजाबाई ओरडल्या, आणि लगेच त्यांना स्वतःची शिसारी आली, पुन्हा लपवालपवी. "नाही, शरयू. ते रागावलेत माझ्यावर. बरोबर रागावलेत. तू चहा बघ." दिवेकरांनी टोपी आणखी पुढे ओढली होती आणि तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. बाहेर डेव्हनवरून बस गेली, सगळं घर थोडंसं हललं. शैलजाबाई खाली वाकल्या, गुडघे कुरकुरले तरी वाकल्या, आणि ठोकळे वेचायला लागल्या. तेव्हा कचेरीत दिवेकर सकाळपासून दुपारपर्यंत असेच जमिनीवर कार्ड शोधत बसले होते आणि त्या वर खुर्चीत बसून बघत होत्या. सत्तावीस सापडले. अठ्ठाविसावा खुर्चीच्या पायामागे, दिवेकरांच्या चपलेला लागून होता. तो घ्यायला हात पुढे केला, तर दिवेकरांनी पाय बाजूला घेतला.

त्या उठून बसल्या तेव्हा दिवेकर त्यांच्याकडे बघत होते. राग होता, पण त्यात आणखीही काही मिसळलं होतं, परीक्षेचा पेपर परत मिळालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसलं काहीतरी. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग कार्डावर, त्या खरवडलेल्या जागी, आणि पुन्हा छातीवर. "हो," शैलजाबाई म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं." ते पुन्हा तसंच विचारत राहिले, छाती, कार्ड, छाती, आणि त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, तुमचं बरोबर होतं, तुमचं बरोबर होतं, चौतीस संक्रांतींचं उत्तर एकदम देत असल्यासारख्या. मग दिवेकरांनी खिडकीतली पेन्सिल घेतली. डाव्या हातात ती नीट बसेना. जीभ दातांत धरून त्यांनी 'खात्री'वर एक रेघ मारली, आडवी, वाकडीतिकडी, पण एकच. खालचं वाचता येत होतं. आणि पेन्सिल शैलजाबाईंपुढे धरून कार्डावरच्या रिकाम्या जागेवर बोट आपटलं. दुरुस्ती करणाऱ्याचं आद्याक्षर आणि तारीख.

शैलजाबाईंनी पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि शेजारी लिहिलं: ऐकीव. आता 'शै.' लिहायचं, तोच समोरून आवाज आला, "बहुधा."

"काय?"

"बहुधा!" दिवेकर ठासून म्हणाले आणि त्या 'ऐकीव'वर बोट दाबलं.

"अहो, बहुधा कसं? तुम्हीच ऐकीव लिहिलं होतंत की! पुरावा काय?" हे तोंडातून गेलं आणि शैलजाबाईंच्या लक्षात आलं की त्या भांडतायत. खाली यंत्र सुरू व्हायचं, पेले थरथरायचे आणि त्या दोघांचं हे असं चालायचं तासन्‌तास. दिवेकरांनी एक ठोकळा उचलला. त्याची काळी पाठ दाखवली. मग उलटून त्याचं पांढरं तोंड दाखवलं. मग स्वेटरच्या टोपीची कड धरून बाहेरचं काळं दाखवलं, आणि कड उलटून आतली पांढरी लोकर. पुन्हा ठोकळा, पुन्हा टोपी. टोपी मागे पडली, आणि टोपीखाली दिवेकरांचे कान दिसले, लालबुंद.

"याला पुरावा नाही म्हणत, दिवेकर. याला साम्य म्हणतात. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"बहुधा."

आता त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता म्हणून ते असं म्हणत होते, की पस्तीस वर्षं विचार करून त्यांनी ती नोंद एक पायरी वर नेली होती, हे शैलजाबाईंना सांगता आलं नसतं. पण व्युत्पत्तीचा विभाग मुळात दिवेकरांचा, आणि निकाल द्यायचा तो त्यांनी. शैलजाबाईंनी 'ऐकीव'वर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, बहुधा. खाली लिहिलं, शै. आणि आजची तारीख, सालासकट. कार्ड त्यांनी पुढे केलं, दिवेकरांनी ते लांब धरून वाचलं, ओठ हलवत, आणि घडी न करता स्वेटरच्या पोटावरच्या खिशात ठेवलं.

शरयू चहा घेऊन आली, तीन कप. "मावशी, रडताय? बाबा, काय केलंत तुम्ही?" दिवेकर ठोकळे पालथे करून ढवळत होते. एवढ्यात शैलजाबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. "आई, मी खालीच आहे, पण थांबता येत नाहीये, मागचे हॉर्न मारतायत. येताय ना?"

दिवेकरांनी सात ठोकळे मोजून त्यांच्यापुढे सरकवले.

"अजून एक राउंड मार गं, स्वानंदी," शैलजाबाई म्हणाल्या. "नाहीतर दोन मार. इथं नवा डाव मांडलाय."